नात्यातील विषाणूंमधील कोडॉन-वापराचे विश्लेषण: क्रमवार पद्धत, तपासण्या आणि नेहमी होणाऱ्या चुका

पुण्यातील जीवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवमाहितीशास्त्र विभागांत पदव्युत्तर प्रकल्पांसाठी हा विषय वारंवार निवडला जातो. प्रयोगशाळेचा खर्च नसतो, विषाणूंचे जनुकीय क्रम फुकट उपलब्ध असतात आणि साध्या लॅपटॉपवर काम होते. सी-डॅकच्या महासंगणकापर्यंत जाण्याची गरज पडत नाही. मात्र हे काम सोपे वाटते तितकेच ते चुकतेही, आणि बहुतेक चुका आकडेमोडीच्या नसून पायऱ्यांच्या क्रमाच्या असतात. आधी आलेख काढले जातात, मग त्यांचा अर्थ शोधला जातो आणि जनुकीय क्रम निवडताना काय गृहीत धरले होते हे शेवटी कोणालाच सांगता येत नाही. म्हणून खाली पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने काम करावे, आणि एका पायरीची तपासणी पूर्ण झाल्याखेरीज पुढच्या पायरीला हात लावू नये.

वाचकाला जनुकीय संकेताची ओळख आहे असे येथे धरले आहे: चौसष्ट कोडॉन (तीन अक्षरांचे संकेत-गट), त्यांपैकी तीन स्टॉप कोडॉन, उरलेल्या एकसष्टांपैकी मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन यांचा प्रत्येकी एकच कोडॉन, त्यामुळे समानार्थी निवडीचा, म्हणजे एकाच अमिनो आम्लासाठी कोणता कोडॉन वापरायचा याचा, प्रश्न ज्यांच्याबाबत उद्भवतो ते एकोणसाठ कोडॉन.

१. प्रश्न आणि गट ठरवणे

संगणक उघडण्यापूर्वी आपला प्रश्न एका वाक्यात लिहावा. ‘डेंगीच्या कोडॉन-वापराचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे. ‘डेंगीच्या चार उपप्रकारांतील कोडॉन-वापराचा फरक त्यांच्या न्यूक्लिओटाइड-प्रमाणातील फरकाने पूर्णपणे समजावून सांगता येतो का?’ हा प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येऊ शकते आणि दोन्ही उत्तरे उपयोगाची असतात.

त्यानंतर ‘नात्यातील विषाणू’ म्हणजे नेमके कोणते, हे ठरवावे. पावसाळ्यानंतर पुण्यात डेंगी आणि चिकुनगुनिया ही नावे एका दमात घेतली जातात, दोन्हींच्या चाचण्या एकत्र लिहून दिल्या जातात आणि दोन्ही एडिस डासांमार्फत पसरतात, म्हणून प्रकल्पातही त्यांना शेजारी बसवले जाते. परंतु डेंगी आणि झिका हे फ्लेविव्हिरिडी कुळातील, तर चिकुनगुनिया टोगाव्हिरिडी कुळातील आहे. वाहक समान असणे म्हणजे वंश समान असणे नव्हे. त्यांची तुलना करता येते, पण ती ‘वेगळ्या कुळांवर समान यजमानांचा (विषाणू ज्या जीवांत वाढतो त्यांचा) समान ठसा उमटतो का’ या प्रश्नासाठी. ‘नात्यातील विषाणूंमधील फरक’ या शीर्षकाखाली ती बसत नाही.

येथे आणखी एक अडचण आहे आणि ती उत्तम प्रकल्पांनाही नडते. समजा, डासांमार्फत पसरणारे फ्लेविव्हायरस आणि गोचिडींमार्फत पसरणारे फ्लेविव्हायरस, उदाहरणार्थ एकीकडे डेंगी व जपानी मेंदूज्वर आणि दुसरीकडे क्यासनूर जंगल रोग, यांची तुलना करायची आहे. गोचिडींमार्फत पसरणारे विषाणू वंशवृक्षावर एकाच फांदीवर एकत्र येतात. त्यामुळे त्यांच्यात आणि डासवाहित विषाणूंत जो फरक दिसेल तो वाहकामुळे आहे की त्या फांदीच्या पूर्वजाकडून जसाच्या तसा वारशाने आला आहे, हे केवळ सरासऱ्यांची तुलना करून कधीच कळणार नाही, मग क्रम पन्नास घेतलेले असोत वा पाच हजार. गट ठरवतानाच वंशवृक्ष समोर ठेवावा आणि ज्या गुणधर्माचा परिणाम तपासायचा आहे तो वृक्षावर किती वेळा स्वतंत्रपणे बदलला आहे हे मोजावे.

*तपासणी:* तो गुणधर्म वृक्षावर एकदाच बदलला असेल, तर निष्कर्षात ‘वाहकामुळे’ हा शब्द वापरता येणार नाही, हे आत्ताच वहीत लिहून ठेवावे.

२. क्रम उतरवणे

जेनबँक या खुल्या क्रम-संचातून किंवा एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या विषाणू-संचातून क्रम घेताना फक्त क्रमाची फाइल घेऊ नये. प्रत्येक नोंदीचा क्रमांक आवृत्तीसह, गोळा केल्याचे वर्ष, देश, यजमान आणि स्ट्रेनचे (विषाणूच्या विशिष्ट वाणाचे) नाव यांचा तक्ता त्याच वेळी उतरवून घ्यावा. नंतर गोळा करू म्हटले की ते होत नाही, आणि संचात रोज भर पडत असल्याने आठवड्यानंतर केलेल्या शोधाचे उत्तर वेगळे येते. शोधात वापरलेल्या अटी आणि शोधाची तारीख जशीच्या तशी लिहावी.

या तक्त्यातून प्रथम पुढील नोंदी बाजूला काढाव्यात: पेटंटमधून आलेले क्रम, लशींचे स्ट्रेन, प्रयोगशाळेत जोडून तयार केलेले क्लोन आणि मुद्दाम कोडॉन बदलून बनवलेले विषाणू. शेवटचा प्रकार विशेष घातक आहे. विषाणू दुर्बल करण्यासाठी त्याचे कोडॉन हेतुपुरस्सर बदलण्याचे तंत्र रूढ आहे आणि असे क्रमही संचात असू शकतात; त्यांपैकी एखादा विश्लेषणात शिरला की आलेखावर एक आकर्षक, एकटा बिंदू दिसतो आणि त्यावर पानभर चर्चा लिहिली जाते. पेशींमध्ये अनेकदा वाढवलेले जुने स्ट्रेन ठेवायचे की नाही हे प्रश्नावर अवलंबून आहे, पण जो नियम ठरेल तो सर्वांना सारखा लावावा.

३. वाचन चौकट तपासणे

संपूर्ण कामातील सर्वांत जास्त वेळ या पायरीवर द्यावा. वाचन चौकट म्हणजे कोणत्या अक्षरापासून तीन-तीन अक्षरे वाचायची ते; ती एका अक्षराने सरकली तरी संगणक तक्रार करत नाही. तो निमूटपणे चुकीचे कोडॉन मोजतो आणि आकडे खरे वाटावेत असेच येतात.

जीनोमच्या दोन्ही टोकांचे भाषांतरित न होणारे भाग वगळून केवळ प्रथिन-संकेत असलेला भाग घ्यावा. त्यानंतर प्रत्येक क्रमाबाबत पाहावे: लांबीला तीनने पूर्ण भाग जातो का, सुरुवात एटीजीने होते का, शेवटी स्टॉप कोडॉन आहे का, मध्ये कुठे स्टॉप कोडॉन आला आहे का आणि एन किंवा इतर संदिग्ध अक्षरे किती आहेत. एखाद्या कोडॉनमध्ये एन असेल तर तो कोडॉन वगळावा, पण एन काढून टाकून उरलेली अक्षरे जोडू नयेत, कारण तसे केल्याने पुढची सगळी चौकट सरकते. आरएनए विषाणूंचे क्रम संचात डीएनएच्या अक्षरांत, म्हणजे यूच्या जागी टी असे लिहिलेले असतात. यजमानाच्या कोडॉन-वापराचा तक्ता (पायरी आठ) यू वापरत असेल तर दोन्ही एकाच लिपीत आणावेत, नाहीतर काही साधने ते कोडॉन शून्य मोजतात.

या सरळ नियमांना विषाणूंमध्ये बरेच अपवाद आहेत आणि ते माहीत नसतील तर चाळणीच चुकीची ठरते.

डेंगीमध्ये एकच लांब वाचन चौकट असते आणि तिच्यातून तयार झालेले सलग प्रथिन नंतर कापले जाऊन तीन रचनात्मक आणि सात अरचनात्मक प्रथिने बनतात. कापून मिळालेली बहुतेक प्रथिने स्वाभाविकपणेच एटीजीने सुरू होत नाहीत आणि एनएस५ वगळता कोणाच्याही शेवटी स्टॉप कोडॉन नसतो. वर सांगितलेली चाळणी जनुकनिहाय तुकड्यांना लावली तर जवळपास सगळेच तुकडे गळून जातील. म्हणून चाळणी संपूर्ण चौकटीला लावावी आणि तुकडे नंतर पाडावेत.

*तपासणी:* डेंगी-२ च्या संदर्भ क्रमात प्रथिनांची लांबी क्रमाने ११४, १६६, ४९५, ३५२, २१८, १३०, ६१८, १२७, २४८ आणि ९०० अमिनो आम्ले आहे. बेरीज ३,३६८ येते, पण संपूर्ण प्रथिन ३,३९१ अमिनो आम्लांचे आहे. राहिलेली २३ एनएस४ए आणि एनएस४बी यांच्यामधील ‘टूके’ या तुकड्याची. आपल्या तुकड्यांची बेरीज पूर्ण लांबीशी जुळत नसेल तर काय सुटले ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चिकुनगुनियात दोन मोठ्या चौकटी असतात, त्या वेगवेगळ्या मोजाव्यात. शिवाय एनएसपी३ आणि एनएसपी४ यांच्या सीमेजवळ अनेक स्ट्रेनमध्ये टीजीए हा स्टॉप कोडॉन असतो आणि रायबोसोम काही वेळा तो ओलांडून पुढे जातो. इतर काही स्ट्रेनमध्ये त्याच जागी आर्जिनिनचा कोडॉन असतो. ‘मध्ये स्टॉप कोडॉन असलेले क्रम बाद’ असा सरधोपट नियम लावला तर एका प्रकारचे स्ट्रेन पूर्णपणे नाहीसे होतील आणि संशोधकाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

सार्स-कोव्ह-२ मध्ये रायबोसोम एक अक्षर मागे सरकून पुढची चौकट वाचतो. संदर्भ क्रमात हा संकेत २६६ ते १३,४६८ आणि पुन्हा १३,४६८ ते २१,५५५ असा जोडून दिलेला आहे, म्हणजे १३,४६८ वे अक्षर दोनदा वाचले जाते. २६६ ते २१,५५५ असा सरळ तुकडा कापला की उत्तरार्ध चुकीच्या चौकटीत जातो. नोंदीतील जोडणीची माहिती वाचणारे साधन वापरावे किंवा संचाने दिलेला संकेत-क्रमच घ्यावा.

एकमेकांवर चढलेल्या चौकटींचा प्रश्न याहून अवघड आहे. हिपॅटायटिस बी विषाणूचा जीनोम सुमारे ३,२०० अक्षरांचा आहे आणि त्यातील पृष्ठभाग-प्रथिनाची चौकट संपूर्णपणे पॉलिमरेजच्या चौकटीच्या आत बसलेली आहे. अशा भागात एका चौकटीतील कोडॉनचे तिसरे अक्षर दुसऱ्या चौकटीत पहिले किंवा दुसरे असते, म्हणजे एकीकडचा समानार्थी बदल दुसरीकडे अमिनो आम्ल बदलतो. तेथील कोडॉन-वापर मोजता येतो, पण त्यातून यजमानाशी जुळवून घेण्याविषयी काहीही निष्कर्ष काढणे योग्य नाही. असे भाग वेगळे ठेवावेत.

*इशारा:* कोडॉन मोजण्यासाठी क्रमांची जुळवणी लागत नाही. वंशवृक्षासाठी जुळवणी करावी लागते, तेव्हा ती अमिनो आम्लांच्या पातळीवर करून मग न्यूक्लिओटाइडवर उतरवावी. जुळवणी छाटून उरलेला क्रम मोजणीसाठी वापरू नये. छाटणारे साधन कोडॉनच्या सीमा पाळेलच असे नाही.

४. पुनरावृत्ती कमी करणे

एका साथीत घेतलेले दोनशे क्रम हे दोनशे स्वतंत्र पुरावे नसतात. ते काही महिन्यांपूर्वीच्या एका पूर्वजापासून आलेले असतात आणि त्यांच्यात मोजके बदल असतात. हे सगळे क्रम ठेवून सहसंबंध काढला की संभाव्यता-मूल्य (पी-मूल्य) हवे तितके लहान येते आणि प्रबंधात लक्षणीयतेच्या तीन तारका लागतात, पण तो आकडा प्रत्यक्षात नमुने किती गोळा केले एवढेच सांगतो. ज्या देशात आणि ज्या वर्षी जास्त क्रमनिर्धारण झाले त्याचाच कोडॉन-वापर ‘त्या विषाणूचा’ म्हणून मांडला जातो.

म्हणून प्रथम एकसारखे क्रम काढावेत, नंतर ठरावीक साम्याच्या वरच्या क्रमांतून प्रत्येक गटाचा एक प्रतिनिधी ठेवावा. साम्याची मर्यादा किती, याचे सर्वमान्य उत्तर नाही. डेंगीचे उपप्रकार एकमेकांशी न्यूक्लिओटाइड पातळीवर साधारण ६५ ते ७० टक्के जुळतात, तर एका उपप्रकारातील स्ट्रेन त्याहून कितीतरी जवळचे असतात. त्यामुळे उपप्रकारांची तुलना करायची असेल तर मर्यादा सैल ठेवली तरी चालते आणि एका उपप्रकारातील जनुकप्रकारांची तुलना असेल तर ती घट्ट लागते. दोन वेगळ्या मर्यादा घेऊन मुख्य निष्कर्ष टिकतो का हे पाहणे सर्वांत प्रामाणिक.

जनुकप्रकार आणि देश यांनुसार प्रतिनिधींची संख्या समतोल ठेवावी. निवड यादृच्छिक केली असेल तर तिचा बीजांक (संगणकाची यादृच्छिक निवड ज्या आकड्यापासून सुरू होते तो) नोंदवावा, म्हणजे तीच निवड पुन्हा करता येईल.

५. मोजणी

आता कुठे मोजणी सुरू करावी. तिच्यासाठी कोडॉनडब्ल्यू, एम्बॉस, बायोपायथॉन किंवा आरमधील एखादे साधन, काहीही चालते, पण एका क्रमाची मोजणी किमान दोन साधनांनी करून जुळते का ते पाहावे.

प्रथम चारही न्यूक्लिओटाइडांचे एकूण प्रमाण, मग कोडॉनच्या तिन्ही स्थानांवरचे वेगवेगळे प्रमाण, आणि तिसऱ्या स्थानावरील जी व सी यांचे केवळ समानार्थी कोडॉनांतील प्रमाण काढावे. मेथिओनिन, ट्रिप्टोफॅन आणि स्टॉप कोडॉन वगळून काढलेले हे शेवटचे प्रमाण ‘जीसी३एस’ म्हणून ओळखले जाते. ते आणि सरसकट, म्हणजे सर्व कोडॉनांवरून काढलेले, जीसी३ एक नव्हेत, आणि पुढच्या पायरीत ही गफलत महागात पडते.

त्यानंतर सापेक्ष समानार्थी कोडॉन वापर, म्हणजे आरएससीयू काढावा. समजा, एका चौकटीत व्हॅलिन चाळीस वेळा आले आहे: जीटीटी ८, जीटीसी १०, जीटीए ४ आणि जीटीजी १८ वेळा. चार कोडॉन समान वापरले गेले असते तर प्रत्येकी दहा आले असते, म्हणून आरएससीयू अनुक्रमे ०.८, १.०, ०.४ आणि १.८ येतो. एक म्हणजे कोणताच कल नाही. १.६ च्या वर अतिवापर आणि ०.६ च्या खाली अल्पवापर मानण्याची रीत आहे, पण ही मर्यादा सोयीची आहे, नैसर्गिक नाही, १.५८ आणि १.६२ यांत भेद करू नये.

*तपासणी:* प्रत्येक अमिनो आम्लाच्या आरएससीयूंची बेरीज त्याच्या कोडॉनांच्या संख्येइतकी आली पाहिजे. वरच्या उदाहरणात ती चार येते.

ल्युसिन, आर्जिनिन आणि सेरिन यांना प्रत्येकी सहा कोडॉन आहेत. सेरिनचे टीसीने सुरू होणारे चार आणि एजीने सुरू होणारे दोन हे गट एकाच अक्षराच्या बदलाने एकमेकांत जात नाहीत, म्हणून ते चार आणि दोन असे वेगळे मोजणे अधिक योग्य. काही साधने सहाचा एक गट धरतात, काही विभागतात; दोन साधनांचे आकडे जुळत नसतील तर प्रथम येथेच पाहावे.

एखादे अमिनो आम्ल त्या जनुकात एकदाही आले नसेल तर त्याचा आरएससीयू शून्य नसतो, तो अनुपलब्ध असतो. तक्त्यात तेथे शून्य भरले की ‘हा कोडॉन विषाणू टाळतो’ असा खोटा निष्कर्ष तयार होतो. लहान जनुकांत हे हमखास घडते. डेंगीच्या कॅप्सिडमध्ये (जीनोमला वेढणाऱ्या प्रथिनामध्ये) ११४ अमिनो आम्ले आहेत. ती एकोणसाठ कोडॉनांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला दोनही येत नाहीत. अशा जनुकाचा आरएससीयू बहुतांशी यादृच्छिक चढउतार दाखवतो. कोडॉनांचे पुनर्नमुने घेऊन प्रत्येक आकड्याची विश्वासमर्यादा काढावी, म्हणजे कोणता फरक बोलण्याजोगा आहे ते दिसते. कॅप्सिडबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: तिच्या सुरुवातीच्या संकेतभागात जीनोमची दोन टोके एकमेकांजवळ आणणारे क्रम आणि आरएनएच्या घड्या आहेत, त्यामुळे तेथील अक्षरांवर भाषांतराशी संबंध नसलेले बंधन आहे.

*तपासणी:* डेंगीच्या संपूर्ण चौकटीत आर्जिनिनसाठी एजीए सर्वांत जास्त आणि सीजीने सुरू होणारे चार कोडॉन कमी दिसले पाहिजेत. उलटे दिसत असेल तर चौकट किंवा तक्ता चुकला आहे.

६. प्रभावी कोडॉन-संख्या आणि अपेक्षित वक्र

राइट यांनी १९९० मध्ये मांडलेली प्रभावी कोडॉन-संख्या, म्हणजे ईएनसी, २० ते ६१ यांमध्ये असते. २० म्हणजे प्रत्येक अमिनो आम्लासाठी एकच कोडॉन, ६१ म्हणजे सर्वांचा समान वापर. ३५ च्या आत असेल तर कल तीव्र मानतात. डेंगीची संख्या पन्नासच्या आसपास येते, म्हणजे कल सौम्य आहे, आणि सौम्य कलावर जोरकस विधाने करू नयेत.

कोडॉन-वापर केवळ जीसी-प्रमाणावरून ठरला असता तर ईएनसी किती आली असती ते अपेक्षित वक्र दाखवतो. त्यासाठी जीसी३एस ला स म्हटले तर सूत्र असे: दोन अधिक स, अधिक एकोणतीस भागिले स-वर्ग आणि (एक वजा स)-वर्ग यांची बेरीज. स ०.५ असेल तर उत्तर ६०.५ येते आणि ०.४ असेल तर सुमारे ५८.२. आपल्या वक्रावर हे दोन बिंदू तपासून घ्यावेत. आडव्या अक्षावर जीसी३ टाकले तर सगळे बिंदू थोडे सरकतात आणि वक्राखाली असणे किंवा नसणे हाच निष्कर्ष बदलू शकतो.

आता सर्वांत जास्त प्रकल्पांत केली जाणारी चूक. बिंदू वक्राखाली आला की ‘नैसर्गिक निवडीचा पुरावा’ असे लिहिले जाते. वक्र फक्त एवढेच गृहीत धरतो की जी आणि सी तिसऱ्या स्थानावर एकमेकांइतके असतात, ए आणि टी एकमेकांइतके असतात आणि कोडॉनची निवड या प्रमाणावरूनच ठरते. डेंगीत ए हे अक्षर टीपेक्षा बरेच जास्त आहे. एवढ्यानेच बिंदू वक्राखाली जातो, त्यासाठी भाषांतराच्या वेगाची किंवा निवडीची गरज नाही. चारही अक्षरांचे प्रत्यक्ष प्रमाण धरणारी सुधारित संख्या नोव्हेंब्रे यांनी २००२ मध्ये दिली आहे. ती राइट यांच्या संख्येसोबत काढावी आणि दोन्ही शेजारी ठेवाव्यात.

७. अक्षरजोड्यांचा हिशेब

ही पायरी बहुतेक जण शेवटी जोडतात किंवा गाळतात. माझ्या मते यजमानाशी तुलना करण्यापूर्वी ती झालीच पाहिजे, कारण कशेरुकी प्राण्यांत वाढणाऱ्या अनेक आरएनए विषाणूंत सीनंतर जी येणे टाळलेले दिसते आणि मानवी पेशींतील झॅप हे प्रथिन नेमक्या याच जोड्या असलेला आरएनए ओळखते. सीपीजी जोडी टाळली गेली की सीसीजी, जीसीजी, टीसीजी, एसीजी आणि आर्जिनिनचे सीजीने सुरू होणारे चार असे आठ कोडॉन आपोआप कमी होतात. त्याला ‘कोडॉनची पसंती’ म्हणणे म्हणजे परिणामालाच कारण मानणे होय.

जोडीचे प्रमाण काढताना तिची प्रत्यक्ष वारंवारता दोन्ही अक्षरांच्या वारंवारतांच्या गुणाकाराने भागावी, ०.७८ च्या खाली तूट आणि १.२३ च्या वर अधिक्य मानण्याचा प्रघात आहे. नंतर ती जोडी कोडॉनच्या कोणत्या स्थानांवर पडते त्यानुसार तीन भाग करावेत: पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे आणि एका कोडॉनचे तिसरे व पुढच्याचे पहिले. तिसऱ्या प्रकारची जोडी दोन कोडॉनांच्या सांध्यावर असते. तूट सांध्यावरही दिसत असेल तर दाब जोडीवर आहे, कोडॉनवर नाही. हा साधा भेद अनेक पानांची चर्चा वाचवतो.

मग शून्य-प्रतिमान, म्हणजे तुलनेसाठी संगणकाने बनवलेले यादृच्छिक क्रम, तयार करावे. अमिनो आम्लांचा क्रम तसाच ठेवून समानार्थी कोडॉन आपापसांत अदलाबदल करावेत. यात प्रथिनही तेच राहते, एकूण कोडॉन-वापरही तोच राहतो आणि फक्त सांध्यावरच्या जोड्या बदलतात. अशा हजार प्रतींशी मूळ क्रमाची तुलना करावी. दुसऱ्या प्रतिमानात तिसऱ्या स्थानावरच्या अक्षरांच्या प्रमाणानुसार कोडॉन नव्याने निवडावेत. यात प्रथिन तेच राहते, पण कोडॉन-वापर केवळ प्रमाणावरून ठरतो. मूळ क्रम दुसऱ्या प्रतिमानाच्या पट्ट्यात बसला, तर पायरी एकमधील प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे मिळाले, आणि ते तसेच लिहावे.

८. यजमानाशी तुलना

कोडॉन-वापर एखाद्या संदर्भ-संचाच्या कोडॉन-वापराशी किती जुळतो ते सांगणारा कोडॉन अनुकूलन निर्देशांक, म्हणजे सीएआय, शार्प आणि ली यांनी १९८७ मध्ये मांडला. तो शून्य ते एक यांमध्ये असतो आणि पूर्णपणे संदर्भ-संचावर अवलंबून असतो. मूळ कल्पना जास्त व्यक्त होणाऱ्या जनुकांचा संच घेण्याची आहे. प्रकल्पांत मात्र यजमानाच्या सर्व जनुकांची सरासरी घेतली जाते. तसे केले असेल तर ते स्पष्ट लिहावे आणि कोणत्या तक्त्यावरून, कोणत्या आवृत्तीवरून, किती कोडॉनांवरून घेतले हेही द्यावे. काझुसा या जपानी संस्थेचा कोडॉन-वापराचा तक्ता अजूनही सर्रास वापरला जातो, परंतु तो २००७ नंतर अद्ययावत झालेला नाही. एडिस इजिप्तीसाठी अलीकडील जीनोमवरून काढलेला तक्ता घ्यावा.

माणसाच्या बाबतीत आणखी काळजी हवी. मानवी जनुकांमधील कोडॉन-वापराचा फरक मोठ्या प्रमाणात गुणसूत्राच्या त्या भागातील जीसी-प्रमाणाशी बांधलेला आहे. परिणामी मानवी संचाशी काढलेला सीएआय बऱ्याच अंशी विषाणूचे जीसी३ च मोजतो.

*तपासणी:* सीएआय आणि जीसी३ यांचा विखुरलेला आलेख काढावा. बिंदू एका रेषेवर बसले तर सीएआयने नवीन काहीही सांगितलेले नाही. पायरी सातमधील दुसऱ्या प्रतिमानाच्या प्रतींचाही सीएआय काढावा आणि मूळ क्रम त्यांच्यापेक्षा खरोखर वेगळा आहे का ते पाहावे.

दोन यजमानांचे सीएआय एकमेकांशी थेट तोलू नयेत. माणसाशी ०.७५ आणि डासाशी ०.७० आला म्हणून विषाणू ‘माणसाशी जास्त जुळलेला’ ठरत नाही, कारण दोन संदर्भ-संचांची मोजपट्टीच वेगळी आहे. प्रत्येक आकडा त्याच संचावरच्या यादृच्छिक प्रतींच्या सरासरीने भागून मगच तुलना करावी.

९. तटस्थता-आलेख, समता-आलेख आणि बहुचलीय विश्लेषण

तटस्थता-आलेखात पहिल्या दोन स्थानांवरील जीसीचे सरासरी प्रमाण तिसऱ्या स्थानावरील प्रमाणासमोर मांडतात. उताराला टक्केवारी मानून ‘उत्परिवर्तनाचा वाटा अमुक टक्के, निवडीचा उरलेला’ असे लिहिण्याची रूढी पडली आहे. ती सोडून द्यावी. नात्यातील विषाणूंत जीसी३ चा पट्टा अरुंद असतो, एका टोकाचा एखादा स्ट्रेनही रेषा वळवतो आणि बिंदू स्वतंत्र नसतात. अशा उताराचे दोन भाग पाडून कारणांची वाटणी होत नाही. उतार त्याच्या विश्वासमर्यादेसह द्यावा आणि तेथेच थांबावे.

ए व टी, तसेच जी व सी, यांचे आपसातील प्रमाण दाखवणारा समता-आलेख फक्त चार-कोडॉनी गटांवरून काढावा. मध्यबिंदूपासून दूर असणे म्हणजे ए आणि टी, किंवा जी आणि सी, असमान आहेत एवढेच. एकेरी आरएनए जीनोममध्ये तशी समानता असण्याचे मूळातच कारण नाही.

अनेक कोडॉनांतील फरक मोजक्या अक्षांवर मांडणारे बहुचलीय विश्लेषण आरएससीयूवर न करता कोडॉनांच्या मूळ संख्यांवर, अमिनो आम्लांचा परिणाम गटांतर्गत वेगळा काढून करावे, कारण आरएससीयू एकदा आलेले कोडॉन आणि शंभरदा आलेले कोडॉन यांना समान वजन देतो. पहिल्या अक्षावर विषाणू वेगळे झाले की त्या अक्षाचा सहसंबंध एकूण ए-प्रमाण, तिसऱ्या स्थानावरील ए-प्रमाण आणि ए-ने संपणारे कोडॉन अशा एकमेकांत अडकलेल्या राशींशी काढून प्रत्येकाला स्वतंत्र पुरावा मोजू नये. अक्षांवरचे बिंदू वंशवृक्षाच्या फांद्यांप्रमाणे रंगवावेत. जे समूह दिसतात ते बहुतेक वेळा फांद्याच असतात.

१०. लिहिणे आणि सुपूर्द करणे

पद्धतीच्या भागात शोधाच्या अटी व तारीख, वगळलेल्या प्रत्येक क्रमाचे कारण, चौकटीचे अपवाद, साम्याची मर्यादा, साधनांच्या आवृत्त्या, संदर्भ-संच आणि बीजांक हे सर्व यावे. निकालांत प्रत्येक आलेखाखाली ‘शून्य-प्रतिमानाच्या तुलनेत’ काय दिसले ते लिहावे. ‘सुचवते’ आणि ‘सिद्ध करते’ या क्रियापदांतील अंतर पाळावे. केवळ क्रमांवरून केलेल्या या विश्लेषणातून भाषांतराचा वेग, विषाणूची तीव्रता किंवा साथीचा अंदाज यांपैकी काहीही सिद्ध होत नाही आणि राष्ट्रीय विषाणू संस्था ज्या शहरात आहे तेथील परीक्षक नेमके हेच विचारण्याची शक्यता अधिक.

*शेवटची तपासणी:* क्रमांकांची यादी, आज्ञावली आणि पद्धतीचा भाग एवढेच वर्गातील दुसऱ्या एखाद्या विद्यार्थ्याकडे द्यावे आणि एका विषाणूचा आरएससीयू तक्ता त्याला नव्याने काढायला सांगावे. तोंडी काहीही समजावून सांगू नये. त्याचे आकडे तिसऱ्या दशांशापर्यंत जुळले नाहीत, तर जेथे फरक पडला ती पायरी पद्धतीच्या भागात पुन्हा लिहावी.